काळा साका

लोखंडाचे फेरस आणि फेरिक क्षार एकास दोन प्रमाणात पाण्यात विरघळवायचे, चंबूत नायट्रोजन सोडत ठेवायचा आणि अमोनिया ओतायचा. पिवळसर द्रावण पाहता पाहता काळंकुट्ट होतं. तळाला बसतो तो मॅग्नेटाइटचा साका. पवईत, आयआयटी मुंबईच्या धातुशास्त्र विभागात प्रा. धीरेंद्र बहादूर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी अशा चुंबकीय कणांवर अनेक वर्षं काम केलं. २००३ मध्ये बहादूर आणि ज्योत्स्नेंदु गिरी यांनी जैवपदार्थ आणि चुंबकत्वाचा आढावा ‘साधना’त लिहिला. पुण्याचं साप्ताहिक नव्हे. हे बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान अकादमीचं नियतकालिक.

कण जेमतेम १० नॅनोमीटरचा. एवढ्या लहान आकारात चुंबकत्व टिकून राहत नाही. बाहेरचं क्षेत्र काढलं की संपतं. म्हणून शरीरात टोचलेले कण रक्तात एकमेकांना ओढून घेत नाहीत. एमआरआयच्या चुंबकात मात्र ते जागे होतात, आजूबाजूच्या पाण्यातल्या हायड्रोजनचा संदेश विस्कटतो आणि चित्रात तिथे काळं पडतं.

कणावर डेक्स्ट्रान किंवा सायट्रिक आम्लाचा लेप देतात. त्यावर फॉलिक आम्ल किंवा प्रतिपिंड बसवलं, की कण कर्कपेशीला जाऊन चिकटावा, ही अपेक्षा. पण यकृतातल्या भक्षक पेशींच्या लेखी तो निव्वळ कचरा. १९९६ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या फेरिडेक्स या लोहकणांच्या औषधानं याच खोडीचा फायदा उठवला: निरोगी यकृत काळं होतं, त्या पेशी नसलेली गाठ उजळ राहते. २००३ मध्ये प्रोस्टेट कर्करोगाच्या ८० रुग्णांच्या लसिकाग्रंथी अशाच तपासल्या गेल्या. रोग पोहोचलेल्या ग्रंथींपैकी साध्या एमआरआयनं ३५.४ टक्के ओळखल्या. कण दिल्यावर ९०.५ टक्के. इथेही काळी पडली ती निरोगी ग्रंथीच.

त्यामुळे ‘लक्ष्यवेधी’ हे बिरुद मला जरा जड वाटतं. २०१६ मधल्या एका मोठ्या आढाव्यात टोचलेल्या नॅनोकणांपैकी गाठीपर्यंत पोहोचलेल्यांचं मध्यक प्रमाण ०.७ टक्के निघालं. चित्रासाठी थोडे कण चालून जातात. पवईच्या गटाचा दुसरा ध्यास होता उष्णतेचा: बदलत्या चुंबकीय क्षेत्रानं कण तापवून गाठ ४२ ते ४५ अंशांवर न्यायची. तिथे मात्र कण भरपूर लागतात. म्हणूनच मेंदूतल्या गाठींसाठी २०१० मध्ये युरोपात मान्यता मिळवणाऱ्या बर्लिनच्या मॅगफोर्सनं रक्तवाट टाळली. त्यांचे कण सुईनं थेट गाठीत सोडले जायचे.