पाचूबंदर : बोटी शाकारल्या की मैदान खुलं

वसई गाव मागे टाकून किल्ल्याच्या पश्चिमेला समुद्राकडे निघालं, की पाचूबंदर दिसण्याआधी सुकत्या बोंबलांचा वास गाठतो. दाटीवाटीची घरं, वलांड्यांवर ओळीने टांगलेले बोंबील आणि समोर डोल जाळी लावून परतणाऱ्या बोटी. वस्ती मुख्यतः ख्रिस्ती कोळ्यांची. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला, हे शाळेत सगळेच शिकतात. किल्ल्याबाहेरचं हे बंदर मात्र पर्यटकांच्या वाटेत येत नाही.

1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. बोटी वर ओढून शाकारल्या जातात, जाळी दुरुस्तीला निघतात आणि एरवी समुद्रावर असलेली तरणी पोरं गावात असतात. पाऊस, ओली वाळू, ओहोटी. फुटबॉलला आणखी काय लागतं? डोल ओढून कमावलेले खांदे आणि पोटऱ्या आयत्याच आहेत.

इथे मला आयर्लंडची केरी काउंटी आठवते. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. तिथला गेलिक फुटबॉल हाताने आणि पायाने खेळतात, एका बाजूला 15 जण. 1884 मध्ये स्थापन झालेली या खेळाची संघटना आजही खेळाडूंना पगार देत नाही. सहसा ज्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) वाढलात त्याच्या क्लबाकडून खेळायचं आणि तिथे चमकलात तर काउंटीकडून. अटलांटिकच्या काठावरच्या या केरीची लोकसंख्या जेमतेम दीड लाख. तरी 2025 पर्यंत तिने देशाचं अजिंक्यपद 39 वेळा जिंकलं. वसई-विरारची वस्ती 2011 च्या जनगणनेतच 12 लाखांवर होती.

धर्मग्राम वसईलाही आहेत आणि 1998 पासून स्वतंत्र धर्मप्रांतही आहे. कमी आहे ती वरच्या पायरीची. पालघर जिल्हाच मुळी 1 ऑगस्ट 2014 चा. त्याआधी वसईचा खेळाडू ठाणे जिल्ह्यात मोडायचा. केरीच्या पोराला जन्मतःच मिळणारी जिल्ह्याच्या जर्सीची ओढ इथे अजून रुजायची आहे. या ओढीची गरज राज्यालाही आहे. राज्यांच्या फुटबॉल स्पर्धेचा संतोष करंडक आपण चारदा जिंकला, पहिल्यांदा मुंबई राज्य असताना. शेवटचा विजय 1999-2000 च्या हंगामातला, केरळविरुद्धचा. त्यानंतर पाव शतक कोरडं गेलं. माझ्या मते याचं एक कारण असं, की खेळाडू शोधायची आपली सवय मुंबई-पुण्याच्या मैदानांपाशी थांबते. बंदरांपर्यंत ती पोहोचतच नाही.

म्हणून जिल्ह्याचा संघ निवडणाऱ्यांना एकच विनंती. मासेमारी बंदीच्या 61 दिवसांत एक निवड चाचणी पाचूबंदरला ठेवा. वेळ मात्र ओहोटीची धरा.