वासराच्या वेदनेचा जमाखर्च

पोळ्याच्या दिवशी बैलाची शिंगे रंगवून, त्यांवर बेगड चिकटवून त्याला गावातून मिरविण्याची आपली रीत आहे. त्याच महाराष्ट्रात आज अनेक गोठ्यांत संकरित कालवडीच्या कपाळावर जन्मानंतर थोड्याच दिवसांत दाहक मलम लावून तिची शिंगे उगवण्यापूर्वीच नाहीशी केली जातात. ही विसंगती वाटली, तरी तिच्यामागे हिशेब आहे. मुक्त गोठ्यात मोकळ्या फिरणाऱ्या शिंगाळ गाई परस्परांना भोसकतात, कासेला इजा होते, गव्हाणीवर जागा अधिक लागते आणि क्वचित धार काढणाऱ्याच्याही जिवावर बेतते. तेव्हा शिंगे नसावीत, ही पशुपालकाची इच्छा अवाजवी म्हणता येणार नाही.

मलमाची रीतही समजून घेण्याजोगी आहे. अगदी लहान वासरात शिंगाचा कोंब कातडीतच सैल असतो. साधारण दोन महिन्यांनंतर तो कवटीच्या हाडाला जडतो. म्हणून पहिल्या काही दिवसांतच कोंबावरील केस कातरतात, भोवती व्हॅसलीनचे कडे करतात आणि कॉस्टिक सोडा व चुना यांच्या मलमाचा पातळ थर देतात. थर जाड झाला किंवा पावसाने ओघळला, तर डोळा जाण्याचे भय असते. वासरू आईला लुचू लागले, तर तिची कासही भाजते.

ना रक्त, ना तापलेले लोखंड! त्यामुळे या उपायात यातना नसाव्यात, असा सोयीचा समज रूढ झाला आहे. वस्तुतः क्षार कातडीत मुरून कित्येक तास मांस जाळीत राहतो. वासरू डोके झटकते, भिंतीला घासते, मागच्या खुराने कपाळ खाजविते. त्याचे हे बोलणे कोणत्याही वहीत उतरत नाही.

अर्थशास्त्राच्या वर्गात आम्ही विद्यार्थ्यांना कारखान्याच्या धुराचे उदाहरण देतो. लाभ मालकाचा, खोकला शेजाऱ्याचा. आणि हा खर्च मालकाच्या हिशेबात येत नाही, म्हणूनच माल स्वस्त दिसतो. वासराची वेदना हा असाच बाहेर ढकललेला खर्च होय. फरक इतकाच की, शेजारी निदान तक्रार करू शकतो.

हा खर्च हिशेबात आणणे अवघड नाही. पशुवैद्याकरवी शिंगाच्या मज्जातंतूजवळ बधिरीकरणाचे इंजेक्शन आणि त्यानंतर टिकणारे वेदनाशामक औषध दिल्यास यातना बऱ्याच कमी होतात. गाईच्या उभ्या आयुष्यातील दुधाच्या उत्पन्नाशी तुलना करता ही रक्कम किरकोळ आहे. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याने विहित पद्धतीने शिंगे काढण्यास सूट दिली आहे खरी. पण सूट मिळाल्याने वेदना नाहीशी होत नाही.

याहून दूरचा मार्ग पैदाशीचा आहे. बिनशिंगीपणाचा गुण प्रभावी असल्याने, तो शुद्ध स्वरूपात असलेल्या वळूची सामान्यतः सर्व वासरे बिनशिंगी निपजतात. अशा वळूंचे वीर्य निवडताना दुधाचा व प्रकृतीचा विचार सुटता कामा नये, हे उघड आहे. तोवर ज्याला मलम परवडते, त्याला वेदनाशामकही परवडले पाहिजे. दुधाचा हिशेब मांडताना वासराच्या नावे एवढी एक ओळ लिहिली जावी, ही अपेक्षा भावनेची नाही. ती चोख हिशेबाची आहे.