तास मोफत, जेवणाचा आकार वेगळा

परिचारिका, अभियंते किंवा वृद्धांची शुश्रूषा करणारे कर्मचारी म्हणून इंग्लंडला गेलेली आपली अनेक तरुण कुटुंबे आज तेथे लहान मुले वाढवीत आहेत. घरी आजी-आजोबा नाहीत आणि पतिपत्नी दोघेही कामावर, अशा स्थितीत बाळाला नर्सरीत ठेवण्यावाचून गत्यंतर नसते. काही तासांचा खर्च सरकार उचलते हे कळल्यावर त्यांना दिलासा मिळतो. परंतु महिनाअखेरीस जेवणाचे बिल हाती पडते, तेव्हा साहजिकच प्रश्न उभा राहतो : सेवा मोफत आहे, तर हे पैसे कशाचे?

प्रथम ही योजना थोडक्यात पाहू. इंग्लंडमध्ये ३ व ४ वर्षांच्या सर्व मुलांना वर्षातील ३८ आठवडे, दर आठवड्याला १५ तास मोफत मिळतात. त्यासाठी आईवडिलांचे उत्पन्न किंवा व्हिसा पाहिला जात नाही. नोकरदार पालकांच्या याच वयाच्या मुलांसाठी २०१७ साली ही मर्यादा ३० तासांवर नेण्यात आली. पुढे एप्रिल २०२४ मध्ये दोन वर्षांच्या, तर सप्टेंबर २०२४ मध्ये नऊ महिन्यांपासूनच्या बालकांना १५ तास लागू झाले. सप्टेंबर २०२५ पासून नऊ महिन्यांपासून शाळेत जाईपर्यंत ३० तास मिळू लागले. या वाढीव तासांसाठी दोन्ही पालकांची किमान कमाई असावी लागते आणि कोणाचेही वार्षिक उत्पन्न १ लाख पौंडांपेक्षा अधिक असून चालत नाही. शिवाय दोघांपैकी किमान एकाला सार्वजनिक निधीचा लाभ घेण्याची मुभा असावी लागते. व्हिसावर असलेल्या कुटुंबांनी ही शेवटची अट अर्ज करण्यापूर्वीच तपासून पाहावी.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. सरकार कौन्सिलमार्फत नर्सरीला दर तासाप्रमाणे जे पैसे देते, ते मुलाच्या शिक्षणासाठी व सांभाळासाठी असतात. जेवण, न्याहारी, डायपर, उन्हाचे मलम, सहली यांचा खर्च त्यात धरलेला नाही. म्हणून नर्सरीने जेवणाचे पैसे मागणे बेकायदेशीर नाही. मात्र सरकारी मार्गदर्शिकेने त्याला एक महत्त्वाची मर्यादा घातली आहे : हा आकार पालकांच्या दृष्टीने ऐच्छिक असला पाहिजे. 'जेवणाचे पैसे भरा, तरच मोफत जागा मिळेल' अशी अट घालता येत नाही. ज्यांना पैसे देणे शक्य नाही किंवा द्यायचे नाहीत, त्यांना नर्सरीने वाजवी पर्याय द्यावयाचा असतो. घरचा डबा आणू देणे, आकार कमी करणे किंवा तो माफ करणे, हे असे पर्याय होत.

ही रक्कम किरकोळ समजू नये. उदाहरणादाखल, दिवसाला ७ पौंड आकार आहे आणि मूल आठवड्यातून तीन दिवस जाते असे धरले, तर ३८ आठवड्यांत ७९८ पौंड होतात. नव्याने संसार मांडणाऱ्या, घरभाडे भरणाऱ्या आणि गावी पैसे पाठविणाऱ्या कुटुंबाला ही रक्कम निश्चितच जड जाते.

नर्सरीची बाजूही न्यायाने पाहिली पाहिजे. सरकारी तासांवर पालकांकडून वरची फी घेण्यास तिला मनाई आहे. सरकारी दर खर्चाला पुरत नाही, अशी अनेक चालकांची तक्रार आहे. पूर्वी लहान बाळांच्या फीमधून ही तूट काही अंशी भरून निघे. आता तीच बाळे योजनेत आल्याने फी देणारे तास घटले. स्वयंपाकी, इंधन, अन्नधान्य यांचा खर्च मात्र आहेच. त्यामुळे जेवणाच्या आकारावर भार टाकण्याचा मोह वाढतो. अडचण खरी असली, तरी ती पालकांपासून लपवून सोडविता येत नाही.

याच कारणाने फेब्रुवारी २०२५ मध्ये ही मार्गदर्शिका अधिक स्पष्ट करण्यात आली. बिलात मोफत तास, जादा तास, जेवण, इतर वस्तू आणि उपक्रम यांचा हिशेब वेगवेगळा दाखविला पाहिजे. 'इतर आकार' अशा मोघम शब्दाखाली एकत्र रक्कम मागणे योग्य नव्हे. काही नर्सऱ्या ११४० तास वर्षभरात वाटून देतात. ५१ आठवडे धरल्यास आठवड्याला सुमारे २२ तासच येतात, म्हणूनही बिल पाहून गोंधळ होतो.

डबा द्यावयाचा झाल्यास नर्सरीचे नियम विचारून घ्यावेत. कोणा मुलाला दाण्यांची ॲलर्जी असू शकते, म्हणून शेंगदाण्याचा लाडू किंवा चिक्की डब्यात नको. द्राक्षे उभी चिरून द्यावीत, कारण अखंड द्राक्ष लहानग्याच्या घशात अडकू शकते.

आपल्याकडील अंगणवाडीची कल्पना मनात असल्याने ही विभागणी आपल्याला चमत्कारिक वाटते. १९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेत पूरक आहार हा मुख्य घटक आहे आणि २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने अंगणवाडीतील विनामूल्य आहार हा बालकाचा हक्क ठरला. खुद्द ब्रिटनमध्येही स्कॉटलंडने सरकारी तासांच्या सत्रात जेवण मोफत दिले आहे. इंग्लंडने मात्र तास दिले आणि ताट पालकांवर सोपविले.

म्हणून जागा स्वीकारण्यापूर्वी तीन गोष्टी लेखी विचाराव्यात : जेवणाचा आकार किती, तो नाकारल्यास पर्याय कोणता आणि तासांची वाटणी कशी. उत्तर समाधानकारक नसेल, तर प्रथम नर्सरीकडे, नंतर कौन्सिलकडे आणि शेवटी स्थानिक शासन व सामाजिक सेवा लोकपालांकडे दाद मागता येते.

परक्या देशात आपली माणसे बहुधा भिडस्तपणे गप्प राहतात. प्रश्न विचारला तर बाळाची जागा जाईल, अशी भीती त्यांना वाटते. परंतु हिशेब मागणे ही कृतघ्नता नव्हे. आपली मुलगी, सून किंवा भाचा तेथे असेल, तर पुढच्या फोनवर त्यांना एवढे अवश्य सांगावे : ज्यांना परवडेल त्यांनी आनंदाने द्यावे, ज्यांना परवडत नाही त्यांनी संकोच न करता डबा द्यावा. बाळाची जागा त्यामुळे जात नाही.