गोळी गुडघ्यासाठी, जखम पोटात

बचत गटाची बैठक कधीही न चुकवणाऱ्या आमच्या एक मावशी सलग दोनदा आल्या नाहीत. घरी गेले, तर अंथरुणावर! चेहरा पांढराफटक, चार पावलं चालल्या तरी धाप. आठवडाभर शौचाला डांबरासारखी काळी होत होती. पण असलं सुनेला कसं सांगायचं, म्हणून गप्प राहिल्या. तपासणीत जठरात अल्सर निघाला, त्यातून रक्त जात होतं. कारण? गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर आणलेली गोळी. दोन महिने, रोज दोन.

"अगं, पण मी कधी उपाशीपोटी घेतली नाही," मावशी पुन:पुन्हा सांगत होत्या.

मैत्रिणींनो, इथंच आपली गफलत होते. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन या गोळ्या शरीरात प्रोस्टाग्लँडिन तयार होऊ देत नाहीत. त्यामुळे दुखणं आणि सूज उतरते. जॉन वेन या ब्रिटिश शास्त्रज्ञानं १९७१ मध्ये हे दाखवून दिलं. १९८२ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. पण जठराच्या अस्तराला आम्लापासून जपतं तेही प्रोस्टाग्लँडिनच. ते कमी झालं की अस्तराला जखमा होतात. औषध रक्तातूनही हे काम करतं. म्हणून जेवून घेतलं, किंवा इंजेक्शन घेतलं, तरी धोका संपत नाही. कित्येकदा पोट दुखतही नाही, एकदम रक्तच जातं.

साठी ओलांडलेल्यांनी, पूर्वी अल्सर झालेल्यांनी, रक्त पातळ करणारी किंवा स्टिरॉइडची औषधं घेणाऱ्यांनी तर जास्तच जपायला हवं. डायक्लोफेनॅक डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये, असा नियम आहे. पाकिटावरचं औषधाचं नाव वाचा; दोन वेगळ्या नावांच्या गोळ्यांत औषध एकच असू शकतं. पॅरासिटामॉलनं भागेल का, रोज घ्यायचीच तर पोटाच्या रक्षणासाठी सोबत काही हवं का, हे डॉक्टरांना विचारा. मात्र हृदयासाठी दिलेली ॲस्पिरिन मनानं बंद करू नका.

आणि शौचाला काळी झाली, उलटीत रक्त किंवा कॉफीच्या गाळासारखं काही दिसलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

मावशी आता बऱ्या आहेत. परवाच्या बैठकीत त्यांनी स्वत:च सगळ्यांना सांगितलं, "बायांनो, लाजू नका गं. मी लाजले, म्हणून जिवावर बेतलं."