दात लांब दिसू लागले की...

तोंडाचं आरोग्य : लेखांक सहावा

गेल्या आठवड्यात आपण दाताच्या किडीबद्दल बोललो. कीड ठणकते, रात्रीची झोप घालवते, म्हणून माणूस दवाखाना गाठतो. हिरड्यांचा आजार तसा नाही. तो वर्षानुवर्षं जवळजवळ न दुखता वाढत राहतो आणि कळतो तेव्हा दात हलू लागलेला असतो.

नगर जिल्ह्यात, आता अहिल्यानगर म्हणायचं, कुठल्याही तालुक्याच्या गावी दंतवैद्याकडे थोडा वेळ बसलात तर एक मागणी हमखास ऐकू येईल. चाळिशी-पंचेचाळिशीची बाई खुर्चीत बसते, बोटाने दात हलवून दाखवते आणि म्हणते, "डॉक्टर, हा तेवढा काढून टाका." हिरड्यांवर उपचार असतो, हे तिला कुणी सांगितलेलंच नसतं. दात हलला की काढायचा, सगळे गेले की कवळी, असा हिशेब घराघरांत पक्का बसला आहे. मला आज त्या मागणीच्या आधीच्या आठ-दहा वर्षांबद्दल लिहायचं आहे, कारण दात वाचतो तो त्या वर्षांत.

हिरडी दाताला थेट धरून ठेवत नाही. दाताचं मूळ जबड्याच्या हाडात असतं, आणि मूळ व हाड यांच्यामध्ये बारीक तंतूंचा एक पातळ थर असतो. दात पेलतात ते हे तंतू आणि हे हाड. हिरडी वरून सगळं झाकते. दात आणि हिरडी यांच्यात एक ते तीन मिलिमीटर खोलीची खाच असते. ही खाच सगळ्यांनाच असते, आजाराची सुरुवातही तिथूनच होते. दातावर रोज जंतूंचा चिकट थर बसतो. तो नीट निघाला नाही तर लाळेतल्या क्षारांमुळे काही दिवसांत कडक होऊ लागतो. यालाच आपण कीटण म्हणतो. एकदा कडक झालेलं कीटण ब्रशने, मिठाने किंवा कोळशाने निघत नाही.

आपल्याकडे याचा दोष बोअरच्या पाण्याला देतात. पाणी जड आहे हे खरं, भांड्यांवर त्याचे पांढरे डाग पडतात हेही खरं. पण दातावरच्या कीटणातले क्षार येतात ते मुख्यतः लाळेतून. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला आणि वरच्या दाढांच्या गालाकडच्या बाजूला ते जास्त दिसतं, कारण लाळेच्या नळ्या तिथेच उघडतात. घरात फिल्टर बसवून हिरड्या सुधारणार नाहीत.

कीटणाच्या खडबडीत पृष्ठभागावर जंतूंना आसरा मिळतो. शरीर त्यांच्याशी लढू लागतं, हिरडी लाल होते, सुजते, ब्रश करताना रक्त येतं. डेन्मार्कमधल्या आऱ्हुस इथे हॅराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. निरोगी हिरड्यांच्या तरुणांना त्यांनी दात घासणं बंद करायला लावलं. दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला सुरुवात केल्यावर आठवडाभरात त्या पूर्ववत झाल्या. म्हणजे या पायरीवर आजार पूर्णपणे मागे फिरतो. नुसतं रक्त येतं तेव्हा काहीही कायमचं गेलेलं नसतं.

त्यापुढची पायरी वेगळी आहे. सूज आत उतरते, तंतू तुटतात, हाड झिजतं, खाचेची खोली चार, पाच, सात मिलिमीटर होते. याला गावात पायरिया म्हणतात. झिजलेल्या हाडामागोमाग हिरडीही खाली सरकते. मूळ उघडं पडतं, थंड पाणी लागतं, दातांमध्ये फटी दिसतात, दात लांब झाल्यासारखे वाटतात. दात मात्र होता तेवढाच असतो.

"आमच्या आजीने जन्मभर मिश्री लावली, ऐंशीव्या वर्षी ऊस सोलून खायची," असं सांगणारा प्रत्येक घरात एक तरी भेटतो. आजीबद्दल ते खरंच असेल. याच हॅराल्ड लो यांनी श्रीलंकेतल्या चहाच्या मळ्यांवरच्या ४८० मजुरांचा १९७० पासून पंधरा वर्षं मागोवा घेतला. हे मजूर ब्रश वापरत नव्हते, दंतवैद्याकडे जात नव्हते. कीटण सगळ्यांच्याच दातांवर होतं. तरी त्यांच्यातल्या सुमारे ११ टक्के लोकांचा आजार हिरडीच्या सुजेपुढे गेलाच नाही. ८१ टक्क्यांचा मध्यम गतीने वाढला. उरलेल्या ८ टक्क्यांचा इतका झपाट्याने वाढला की पंचेचाळिशीपर्यंत त्यांचे जवळजवळ सगळे दात गेले. शरीराची प्रतिकाराची घडण प्रत्येकाची वेगळी असते. आजी त्या ११ टक्क्यांतली असेल. नात कोणत्या गटात आहे, हे आजीच्या दातांवरून सांगता येत नाही.

आणि मिश्री हा या जिल्ह्यातला जिव्हाळ्याचा विषय आहे. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि बोटाने हिरड्यांवर चोळायची. बायका सकाळी दात घासायला म्हणून सुरुवात करतात, मग दुपारी, मग निजताना. संगमनेर तर विडी आणि जर्द्यासाठी राज्यभर माहीत आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २४.४ टक्के प्रौढ, म्हणजे जवळजवळ चौघांत एक, बिनधुराची तंबाखू वापरताना आढळले. तंबाखू जिथे धरली जाते तिथली हिरडी नेमकी मागे सरकते. धूम्रपान करणाऱ्यांच्या हिरडीतून आजार असूनही रक्त कमी येतं, त्यामुळे आतलं हाड झिजत असताना वरून सगळं ठीक वाटतं. मिश्री लावणाऱ्या बाईने एवढं तरी करावं: गालाच्या आत किंवा हिरडीवर पांढरा चट्टा किंवा न भरणारी जखम दोन आठवड्यांहून जास्त राहिली तर त्याच आठवड्यात तोंड दाखवावं. तो प्रश्न दातापेक्षा मोठा असू शकतो.

आता उपचार. पहिला उपचार म्हणजे दात साफ करणं, स्केलिंग. अल्ट्रासोनिक यंत्राच्या कंपनांनी आणि पाण्याच्या फवाऱ्याने कीटण सोडवतात. खाचा खोल असतील तर हिरडी बधिर करून मुळावरचा आतला थरही काढावा लागतो. त्याला दोन-तीन बैठका लागतात. या एका उपचाराबद्दल जितके गैरसमज आहेत तितके दंतवैद्यकात दुसऱ्या कशाबद्दलही नसतील. "मशीन लावलं आणि दात ढिले झाले, फटी पडल्या." गोठ्यातला खुंटा जमिनीत सैल झाला आणि भोवती शेण-माती वाळून बसली की तो घट्ट वाटतो. ती माती काढली की खुंटा हलतो, पण तो सैल आधीच झालेला असतो. फटींचंही तसंच आहे. तिथे हिरडी आणि हाड होतं, ते आजाराने नेलं आणि ती जागा कीटणाने भरली. साफ केल्यावर सूज उतरते, हिरडी आक्रसते, दात आणखी थोडे लांब दिसतात आणि काही दिवस थंड लागतं. हे सगळं डॉक्टरांनी आधीच सांगायला हवं. न सांगितल्यामुळे रुग्ण घाबरतो, दुसऱ्या बैठकीला येत नाही आणि गावात दहा जणांना परावृत्त करतो.

हा उपाय परका आहे असंही समजू नये. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात, सोळाव्या अध्यायात, दाताच्या मुळाशी होणारे आजार वेगळे काढून सांगितले आहेत. हिरडीतून रक्त येणं, पू येणं, दात हलणं, सगळं त्यात आहे. दातावरच्या कडक थराला तिथे दंतशर्करा म्हटलं आहे. मुळाला इजा न करता ती काढावी असं सांगितलं आहे, आणि हत्यारांच्या यादीत दंतशंकूही आहे.

साफसफाईनंतर दीड ते तीन महिन्यांनी खाचेची खोली पुन्हा मोजतात. मोजायची सळई बारीक आणि मिलिमीटरच्या खुणांची असते. तुमच्या डॉक्टरांनी ती वापरली का, हे जरूर विचारा. पुष्कळ जणांचं काम इथेच भागतं. पाच-सहा मिलिमीटरच्या वर खाचा उरल्या आणि रक्त येतच राहिलं तर हिरडी अलगद उघडून मूळ डोळ्यांसमोर साफ करतात आणि टाके घालतात. याला फ्लॅप म्हणतात. भूल जागेपुरतीच असते, रुग्ण त्याच दिवशी घरी जातो. हाड मुळालगत खोल, अरुंद खड्ड्यासारखं झिजलं असेल तर तिथे हाडाची भुकटी भरून काही भाग परत मिळवता येतो. सगळीकडे सारखंच खाली गेलेलं हाड मात्र कुणी परत आणू शकत नाही. तसं आश्वासन कुणी दिलं तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

मेडिकलमधून आणलेली अँटिबायोटिकची गोळी या आजाराचा उपचार नाही. चार दिवस सूज उतरते, कीटण जागेवरच राहतं. कॅल्शियमच्या गोळ्या आणि हिरड्या 'मजबूत' करणाऱ्या पेस्टही कीटण काढत नाहीत.

मागे सरकलेल्या हिरडीचं काय? इथे आधी कारण शोधावं लागतं, कारण दोन अगदी उलट माणसांना एकच दृश्य दिसतं. एकाच्या तोंडात कीटण आहे. दुसऱ्याचे दात लख्ख आहेत, पण तो कडक ब्रशने आडवे जोरात घासतो. त्यात मुळात हिरडी पातळ असेल किंवा दात रांगेबाहेर असेल तर ती लवकर उतरते. या दुसऱ्याने आणखी जोर लावला तर आणखी मूळ उघडं पडेल. त्याला मऊ ब्रश आणि हलका हात हाच पहिला उपचार. उघडं मूळ शिवशिवत असेल तर त्यासाठीच्या पेस्टने किंवा फ्लोराइडच्या लेपाने बराच आराम पडतो. झीज जास्त असेल तर दाताच्या मानेवर दाताच्या रंगाचं सिमेंट भरतात.

हिरडी परत वर आणायची तर शस्त्रक्रिया लागते. उरलेली हिरडी सैल करून वर ओढतात आणि तिच्याखाली टाळूतून काढलेला मिलिमीटर-दीड मिलिमीटरचा ऊतींचा पापुद्रा बसवतात. लँगर आणि लँगर यांनी १९८५ मध्ये मांडलेली ही पद्धत आजही भरवशाची मानली जाते. यश कुठे मिळेल हे शेजारच्या दोन दातांमधलं हाड सांगतं. ते शाबूत असेल तर मूळ पूर्ण झाकलं जाण्याची आशा असते, थोडं गेलं असेल तर अर्धवट झाकलं जातं, फारच गेलं असेल तर झाकलंच जात नाही. म्हणजे कडक ब्रशवाल्याला इथे चांगली आशा आहे, पायरियावाल्याला कमी. तंबाखू चालू असेल तर लावलेला पापुद्रा जगण्याची शक्यता घटते, कारण निकोटीनने रक्तवाहिन्या आकुंचतात. शस्त्रक्रियेनंतर दोनेक आठवडे तिथे ब्रश लावायचा नाही, डॉक्टरांनी दिलेल्या औषधाने चूळ भरायची. हे औषध महिनोन्‌महिने वापरू नये, दात काळपट होतात.

मधुमेह असलेल्यांनी हे थोडं जास्त लक्षपूर्वक वाचावं. साखर वाढलेली असेल तर हिरड्यांचा आजार वेगाने वाढतो आणि हिरड्यांतली जुनाट सूज साखर आवरू देत नाही. कॉक्रेनच्या २०२२ च्या आढाव्यात, हिरड्यांवर उपचार केल्यावर तीन-चार महिन्यांत तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी, सुमारे ०.४ टक्क्यांनी उतरल्याचं दिसलं. रक्तदाबाच्या अम्लोडिपीनसारख्या गोळ्यांनी काहींच्या हिरड्या फुगतात. अशा वेळी गोळी मनाने बंद न करता लिहून देणाऱ्या डॉक्टरांना सांगायचं. गरोदर बाईचे दात साफ करता येतात, मधले तीन महिने त्यासाठी सोयीचे.

हे सगळं करायला पुण्या-मुंबईला जावं लागत नाही. १९५० मध्ये सुरू झालेल्या सहकारी साखर कारखान्याने प्रवरा परिसराचं रूप बदललं, त्याच परिसरात लोणीला ग्रामीण दंत महाविद्यालय आहे. संगमनेरला आणि नगर शहरालगतही दंत महाविद्यालयं आहेत. अशा ठिकाणी हिरड्यांचा विभाग स्वतंत्र असतो. शिकणारे डॉक्टर शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात. वेळ जास्त लागतो, पैसे खासगी दवाखान्यापेक्षा सहसा कमी लागतात.

अडचण वेगळीच आहे. या आजाराला उपचारानंतर दर तीन ते सहा महिन्यांनी तपासणी लागते, आणि पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडची हजारो माणसं दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात ती मार्च-एप्रिलला परततात. कारखान्याच्या फडावर दंतवैद्य नसतो, पहाटे तीनला कामाला जुंपलेल्या बाईला ब्रशपेक्षा मिश्री हाताशी सापडते. तरी वर्षाचं गणित बसू शकतं. एप्रिलमध्ये परतल्यावर पहिली साफसफाई, जूनच्या आसपास खाचांचं मोजमाप, शस्त्रक्रिया लागलीच तर श्रावणाच्या आत, आणि टोळी निघण्याआधी नवरात्रात एकदा तपासणी. निघताना सामानात मऊ ब्रश आणि दातांच्या फटींत फिरवायचा छोटा ब्रश ठेवावा. महाविद्यालयांच्या फिरत्या शिबिरांनी आपल्या तारखा याच वेळापत्रकाभोवती बांधाव्यात, आणि मुकादमांनी उचल देताना टोळीला शिबिराची तारीखही सांगावी, अशी माझी कळकळीची मागणी आहे. जानेवारीत या गावांत शिबिर भरवलं तर खुर्चीत बसायला मागे राहिलेले म्हातारे आणि मुलंच असतात.

पुढच्या आठवड्यात : काढावाच लागलेल्या दाताच्या जागी काय बसवायचं.