ओलाव्याचा जमाखर्च

रायपूरहून भिलाईकडे निघाले की खारून नदी ओलांडताच कुम्हारी लागते. पोलाद कारखाना, रेल्वे आणि व्यापार यांच्या निमित्ताने या पट्ट्यात अनेक मराठी कुटुंबे स्थिरावली आहेत. येथील हवेचे दोन स्वभाव त्यांना चांगलेच परिचित आहेत. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो, ओठ फुटतात, मुलांचा घोळणा फुटतो. जुलै उजाडला की तीच हवा अंगाला चिकटते, दारे फुगून चौकटीत अडकतात आणि कपाट उघडताच कुबट वास येतो. अशाच एखाद्या दिवशी घर तारण ठेवून कर्ज घेण्याचे ठरते, मूळ खरेदीखत बाहेर काढले जाते आणि त्यावर बुरशीचे करडे डाग दिसतात. घराच्या हवेतील ओलाव्याकडे लक्ष देणे किती आवश्यक आहे, हे त्या वेळी उमगते.

हवेत सामावू शकणाऱ्या बाष्पाच्या तुलनेत प्रत्यक्षात किती बाष्प आहे, याची टक्केवारी म्हणजे सापेक्ष आर्द्रता. हवा जितकी उष्ण, तितकी तिची बाष्प सामावून घेण्याची क्षमता अधिक. ४४ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असलेल्या मे महिन्यातील हवेत दर घनमीटरला सुमारे ९ ग्रॅम बाष्प असते. २८ अंश आणि ९० टक्के आर्द्रता असलेल्या पावसाळी हवेत ते सुमारे २४ ग्रॅम भरते. म्हणूनच एकच उपाय दोन्ही ऋतूंना लागू पडत नाही.

घरातील आर्द्रता सर्वसाधारणपणे ४० ते ६० टक्क्यांच्या दरम्यान असणे हितावह मानले जाते. ती ३० टक्क्यांच्या खाली गेली की नाक, घसा व डोळे कोरडे पडतात. ती दीर्घकाळ ७० टक्क्यांच्या वर राहिली की भिंती, कापड, चामडे आणि कागद यांवर बुरशी वाढू लागते. गाद्या-उशांत राहणारे धुळीतील सूक्ष्म कीटकही दमट हवेतच फोफावतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातील ओल व बुरशी यांविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. ओलसर घरांत राहणाऱ्यांना श्वसनाचे विकार व दमा यांचा धोका अधिक असतो, असे त्यांत स्पष्ट केले आहे. घरात वृद्ध अथवा लहान मुले असल्यास याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही.

उन्हाळ्यात आपल्याला ओलावा जमा करावयाचा असतो. वाळ्याच्या ताट्या आणि कूलर नेमके तेच करतात. पाण्याचे बाष्प होताना हवेतील उष्णता शोषली जाते. मात्र कूलर सुरू असताना समोरच्या बाजूची खिडकी उघडी ठेवावी. अन्यथा ओलावा खोलीतच साचतो आणि गारवा नाहीसा होतो. डासांची पैदास टाळण्यासाठी टाकीतील पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण काढून टाकी घासून घ्यावी.

पहिला पाऊस स्थिरावला की कूलरला विश्रांती द्यावी. बाहेरची हवा आधीच बाष्पाने भरलेली असल्याने तो अंश-दोन अंशांपलीकडे गारवा देऊ शकत नाही. खोलीतील दमटपणा मात्र वाढवतो. आता ओलावा खर्ची टाकण्याचा ऋतू आलेला असतो. स्वयंपाक, स्नान आणि घरात वाळत घातलेले कपडे यांतून दररोज कित्येक लिटर पाणी हवेत मिसळते. म्हणून भांड्यांवर झाकण ठेवावे, स्वयंपाकघर व न्हाणीघर यांतील एक्झॉस्ट पंखा काम आटोपल्यावरही काही वेळ चालू ठेवावा, कपडे छपरीत अथवा पंख्याखाली वाळवावेत. संततधार सुरू असताना खिडक्या दिवसभर सताड उघड्या ठेवून घर कोरडे होत नाही. उघडीप मिळताच त्या उघडाव्यात. वातानुकूलन यंत्र असल्यास त्यातील ‘ड्राय’ सोय याच दिवसांसाठी आहे.

भिंतीवर ओल दिसू लागली की पुष्कळ जण रंगाचा नवा हात देतात. हा खर्च बहुधा वाया जातो. गच्चीतील तडा, गळका नळ अथवा जोत्यातून वर चढणारा ओलावा, यांपैकी मूळ कारण शोधून ते दूर केल्यावरच रंगकाम टिकते. घराची दुरुस्ती वेळेवर केली तर थोडक्यात भागते.

कागदाचे आणि आर्द्रतेचे नाते जुने आहे. १९०२ साली न्यूयॉर्कमधील ब्रुकलीन येथील एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगे आणि रंगांची जुळणी बिघडे. त्यावर उपाय म्हणून विलिस कॅरियर या तरुण अभियंत्याने हवेतील आर्द्रता नियंत्रित करणारी यंत्रणा आखली. आधुनिक वातानुकूलनाचा आरंभ तेथून मानला जातो. माणसाच्या आधी कागदाची सोय पाहिली गेली होती!

आपल्या घरातील खरेदीखत, विमापत्रे आणि ठेवींच्या पावत्या यांनाही तशीच काळजी हवी. कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटवून ठेवू नये. चार बोटे अंतर राखावे. कागद पूर्ण कोरडे असतानाच पाकिटात घालावेत आणि सोबत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. मूळ दस्तऐवजाचे लॅमिनेशन करू नये. आश्विनातील कोरड्या हवेत ते सावलीत पसरून एकदा तपासावेत. लॉकरमधील कागदपत्रांचीही पावसाळ्यानंतर पाहणी करावी. भिजलेल्या नोटा शेगडीवर वाळवू नयेत. त्या अलगद सुट्या करून पंख्याखाली ठेवाव्यात आणि खराब झाल्यास बँकेच्या शाखेत बदलून घ्याव्यात.

हे सारे करण्यासाठी प्रथम मोजमाप हवे. काही शे रुपयांत मिळणारा छोटा आर्द्रतामापक दिवाणखान्यात आणि कागदपत्रांच्या कपाटाजवळ आळीपाळीने ठेवावा. आकडा ४० च्या खाली गेला की जमा, ६० च्या वर गेला की खर्च, एवढे सूत्र पुरेसे आहे. पासबुकातील शिल्लक आपण जितक्या नियमाने पाहतो, तितक्याच नियमाने हा आकडा पाहिला, तर पुढील पावसाळ्यात कपाट उघडताना धास्ती वाटणार नाही.