टिनाचं घर आणि मागचं अंगण

मे २०२० मध्ये अकोल्याचा पारा ४७ अंशांवर गेला होता. अमरावतीचं ऊनही काही कमी नाही. आपल्या वस्त्यांतली टिनाची घरं दिवसभर तापतात आणि रात्रीही झोपू देत नाहीत. सर्वांत जास्त त्रास म्हातारी माणसं, तान्ही लेकरं आणि गरोदर बायांना. म्हणून मागचं अंगण हीच आपली उन्हाळ्यातली खोली समजू या.

भीमजयंतीच्या आत बांबूवर पऱ्हाट्या-तुराट्यांचा मांडव घालू. पश्चिमेचं ऊन अडलं पाहिजे. चूल मात्र मांडवाखाली नको. वाळलेलं काड लगेच पेट घेतं. दिवेलागणीला सडा टाकू. पाणी वाळताना जमीन निवते. मग बाज टाकून मच्छरदाणी लावू. पाण्याचे ड्रम झाकू आणि आठवड्यातून एकदा रिकामे करून घासू, म्हणजे डेंग्यूचे डास वाढणार नाहीत. पावसाळ्यात एक कडुनिंब लावू. धुण्याभांड्याचं पाणी त्यालाच घालू.

ऊन लागून कुणी बरळू लागलं, अंग फार तापलं, तर सावलीत निजवू, ओल्या फडक्यानं अंग पुसत वारा घालू आणि लगेच १०८ला फोन करू. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालायचं नाही.